सुमनचा हात अन् माझ्या दाराची काच

काचवाल्यानं मले फसवलं, हे पहिलं लिहा. साधी काच माझ्या दुकानाच्या दाराले लावली अन् टफन, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच, म्हणून दिली, वरून कोपऱ्यात टफनचा छापा चिकटवून दिला. अन् त्याच्या खाली हे लिहा, का मी सुमनले फसवलं. कसं ते सांगते, पण माझ्या पद्धतीनं सांगू द्या, मधात टोकू नका, माझं डोकं लवकर गरम होते हे मुर्रीत कोणालेही विचारा.

मी मूळची नवेगाव बांधची. तलाव केवढा मोठा, अन् आमचं घर दोन खोल्यायचं. बाप मासे धरे, माय टोपलीत भरून बाजारात नेऊन विके. माझ्या मायले भाव करता येत नव्हता. गिऱ्हाईक जे म्हणे त्याले ती हो म्हणे, अन् परत येताना रस्ताभर मनातल्या मनात भांडे, त्याले असं म्हणायचं होतं, त्याले तसं सुनवायचं होतं, अन् मी मागं रिकामी टोपली घेऊन ते सारं ऐकत चालत राहू. तेव्हाच मी ठरवलं का आपण बाजारातच भांडायचं, रस्त्यानं नाही. तेवढं एक ठरवलं अन् काय सांगू तुम्हाले, त्याच्यावरच माझी सारी जिंदगी उभी राहिली.

लग्न होऊन मुर्रीले आली. तेव्हा मुर्रीत धान दिसे, आता गोंदियाच चालत मुर्रीत येऊन राहिलं. आमच्या घरचे राईस मिलमध्ये पोते उचलत, शांत माणूस, दिवसातून दोन शब्द बोलले तं खूप झालं. मी गोंदियातल्या एका मारवाड्याकडून उधारीवर साड्या घेतल्या, गाठोडं बांधलं अन् पॅसेंजरनं निघाली, सालेकसा, दरेकसा. दरेकशाले उतरलं का जंगलच, मंग पायीपायी गावं. पहिल्या घरी गाठोडं सोडलं का बाया एकमेकीकडे पाहून हसत, कारण त्यायले माहीत होतं का ही बोहनी आहे अन् बोहनीचं गिऱ्हाईक मी रिकामं जाऊ देणार नाही. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक परत गेलं का दिवस खराब जाते, हे सारेच दुकानदार मानतात, मी बी मानत होती. अन् त्या बाया मले तिथंच पकडत. अशी पिळत अशी पिळत का मी घरून काऊन निघाली असं वाटे. एकजण तं मले म्हणाली, शोभाबाई, तू सकाळी सकाळी माझ्याच घरी काऊन येतेस, तुले मी आवडते का? अन् साऱ्या खिदळल्या. मी बी हसली. पण ते ध्यानात ठेवलं.

पुढं मी जेव्हा घेणारी झाली, तेव्हा हाच दाव दुसऱ्यायवर खेळली. भांडे घ्यायचे असू द्या, पंखा असू द्या, दुकानाचं फर्निचर असू द्या, मी सकाळी शटर वर होऊन राहिलं का नाही, तिथं हजर. दुकानदार अगरबत्ती फिरवून राहिला अन् मी समोर. तो मनात शिव्या देत असन, पण परत पाठवत नव्हता. इतके वर्ष मी असाच माल घेतला, अन् छाती काढून सांगत बी होती साऱ्यायले.

आणखी एक सांगते, हे माझ्या तोंडातून निघत नव्हतं पण आता निघू द्या. गावातली एखादी बाई फारच खाली ओढे, मले परवडत नसे तरी ओढत राहे, तं मी वरून हो म्हणू अन् गाठोड्याच्या तळातली साडी काढून तिच्या हातात देऊ. घडीच्या आत त्या साडीचा धागा सुटलेला राहे, नाहीतर रंग फुटलेला. बाई खुश, मी खुश. मले माहीत होतं का जो पटकन हो म्हणते त्यानं ते मालातून काढून घेतलेलं असते. मले माहीत होतं, समजून घ्या. ज्याले माहीत नसते त्याचं वेगळं आहे.

तं त्या गाठोड्यातून दुकान झालं. मुर्रीच्या रस्त्यावर, पहिले टिनाचं, मंग पक्कं. नवरीच्या साड्या ठेवाले लागली तेव्हा एसी आला, अन् एसी आला तं काचेचं दार आलं. ज्या ठेकेदारानं दुकान बांधलं त्यानंच ते लावलं होतं, त्यानं काय लावलं मी कधी विचारलं नाही.

सुमन त्याच्या आधीपासून माझ्याजवळ आहे. आमच्या मागच्या गल्लीतली सून. पहिल्या वेळी आली ते फॉल लावाचं काम मांगाले आली, म्हणे शोभाबाई, एक साडी देऊन पाहा, नाही आवडलं तं पैसे नका देऊ. मी दिली. टाका असा का मी चष्मा लावून, साडी उलटी करून शोधला तं दिसला. तिच्यासारखी फॉल लावणारी गोंदियात दुसरी नाही असं मी गिऱ्हाइकायले सांगू, अन् ते खोटं नव्हतं. मंग मी तिले दुकानातच ठेवली. मी ओरडणारी, ती हसणारी. गिऱ्हाईक माझ्या बोलण्यानं चिडून उठलं का ती पदर ओढून बसवून घे, म्हणे बसा हो, बाईचं तोंड फाटकं आहे, साड्या चांगल्या आहेत. माझ्यासमोर म्हणे. तिलेच ते शोभे.

आता काचेवर येते.

दिवाळी झाली होती, आमची मंडई चार दिवसांवर आली होती. मंडई म्हणजे तुम्हाले माहीत असन, गावात दुकानं लागतात, लेकी येतात, जावई येतात, सारे सोयरे येतात, अन् ज्याच्या घरी लेक आली त्याले साडी घ्याच लागते. वर्षातला माझा मोठा धंदा तोच. अन् त्या दिवशी दुपारी शेजारच्या किराणावाल्याचा बोकड सुटला. आमच्या दारात आला, काचेत त्याले दुसरा बोकड दिसला. त्यानं पाह्यलं, यानं पाह्यलं, त्यानं मान खाली घातली, यानं बी घातली. सुमन आतून म्हणाली, बाई, नवीन गिऱ्हाईक आलं. अन् तेवढ्यात तो मागं सरला अन् दाणकन शिंग मारलं. पूर्ण दार खाली. पूर्ण. पण कसं पडलं ते ऐका. गिरणीतली कणकी, तांदळाचा चुरा, पोत्यातून सांडावी तसं पडलं, सारे बारीक बारीक दाणे, ढीग झाला. बोकड त्या ढिगात उभा. त्याले वाटलं आपण जिंकलो. अंगावरचे दाणे झटकले अन् निघून गेला. एक खरोच नाही त्याले. मी त्याची पाठ, पाय, तोंड सारं तपासलं, कारण मले किराणावाल्याशी भांडायचं होतं अन् तो आधीच म्हणून राहिला होता का माझ्या जनावराले लागलं तं तुमच्यावर. कुठंच रक्त नाही. सुमननं हातानं ते दाणे सुपात भरले. साध्या हातानं भरले, हे बी लिहा.

भांडून काही झालं नाही, किराणावाला म्हणे बोकडाले जाऊन विचारा. मले दार पाहिजे होतं, चार दिवसात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मडावी मिस्त्रीकडे गेली. रेल्वे फाटकाच्या अलीकडे त्याचं लहानसं दुकान, म्हातारा माणूस, आरसे, फोटोच्या फ्रेमी, खिडक्या. लोक म्हणत काचेचं काम त्याचंच. मी बरोबर शटरच्या वेळी पोहोचली. तो पाणी शिंपडून राहिला होता. त्यानं माझं सारं ऐकलं, मंग मी सोबत नेलेले काचेचे दाणे तळहातावर घेतले अन् म्हणाला, ही टफन होती. तुम्हाले तशीच लावावी लागन, आठ दिवस लागतील. मी म्हटलं आठ दिवस कायले, काच तं तुझ्या भिंतीले टेकून उभी आहे, काप अन् लाव. तो म्हणाला ती साधी आहे, ती खिडकीले चालते, दाराले नाही, दाराले माणूस धडकते. टफन काच पहिले मापानं कापतात, भोकं पाडतात, मंग भट्टीत तापवतात, ती भट्टी इथं नाही, नागपुरातून करून येते. एकदा भट्टीतून निघाली का तिले कोणी कापू शकत नाही, कापाले गेला तं जागेवर भुगा होते. अन् मले पुढं हे बी सांगतलं, मी विचारलं नव्हतं तरी सांगतलं, का बाई, कोणी तुमच्यासमोर काच कापून दाराले लावली तं समजा का ती साधी आहे, मंग तो काहीही म्हणू द्या. खरा छापा कोपऱ्यात काचेतच उमटलेला राहते, नखानं निघत नाही.

मी भाव पाडाले लागली. तो थोडा उतरला, मंग थांबला. दिवस कमी कर म्हटलं, तं नाही. मंडई आहे म्हटलं, तं म्हणे पडदा लावा, प्लायवूड ठोकून देतो, त्याचे पैसे घेत नाही. माझ्या नवरीच्या साड्यायच्या दुकानाले प्लायवूड. मले राग आला. मी म्हटलं, मिस्त्री, बोहनीची वेळ आहे, मी रिकामी जाऊन राहिली, पाहून घे. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, बोहनी गेली तं गेली बाई, दाराले साधी काच मी लावत नाही.

मले आयुष्यात कोणी बोहनीले परत पाठवलं नव्हतं. मी त्याच्या दुकानासमोर उभी राहून काय काय बोलली ते लिहू नका. म्हातारा माणूस, ऐकत राहिला अन् झाडू मारत राहिला. मले वाटलं याले मस्ती आहे. आता समजते का त्या पूर्ण गावात तोच एक होता ज्यानं मले नाही म्हणून दाखवलं.

तिथून निघाली ते सरळ मेन रोडवर, मोठी कंपनी, मोठा बोर्ड, घराचं दुकानाचं सारं काचेचं काम एका दिवसात असं लिहिलेलं. त्याचं नाव मी घेत नाही, तुम्ही बी लिहू नका. आत एसी, खुर्ची, थंड पाणी. मालक म्हणे, मौसी बैठो, मौसी क्या लोगे. मी एक भाव बोलली तो हसला, दुसरा बोलली तो हो म्हणाला. मी म्हटलं पक्कं बिल नको, तेवढे अजून कमी कर, तो त्यालेही हो म्हणाला. आज लावशील? आज लगा देंगे. टफन आहे ना? टफनच आहे मौसी. एवढ्या पटकन हो म्हणणारा माणूस पाहून मले माझं गाठोडं आठवाले पाहिजे होतं, तळातली साडी आठवाले पाहिजे होती. नाही आठवली. मी त्या म्हाताऱ्याले जिंकून राहिली होती मनात.

दुपारी त्यायची गाडी आली. दोन कारागीर, अन् मालक स्वतः. जाड काच उतरवली, दोन स्टुलावर आडवी ठेवली, माझ्याच ओट्यासमोर, रस्त्यावर. दाराचं माप तिथंच घेतलं. अन् एकानं पट्टी ठेवली, कटर तेलात बुडवला, अन् काचेवरून ओढला. चर्र असा आवाज आला. खालून टकटक केलं अन् काचेची जास्तीची कड सरळ तुटून बाजूले पडली. मी तीन हातांवर उभी होती. हातात चहाचा कप होता. मडावी मिस्त्रीचं बोलणं त्याच सकाळचं, विसरली असं म्हणाले जागा नाही. काच कापली गेली अन् तिचा भुगा झाला नाही. मी पाह्यलं. मी चहा पिला. मनाले सांगतलं का कंपनी मोठी आहे, त्यायच्याजवळ नवीन मशीन असन, म्हाताऱ्याले काय माहीत आजकालचं. मंग मालकानं खिशातून चिकटपट्टी काढून कोपऱ्यात छापा चिकटवला अन् बोट ठेवून मले दाखवला. मी नख लावून पाह्यलं नाही. तो नजरेत पाहून हसला, मी बी हसली. ते हसणं मले आता दिवसातून किती वेळा दिसते, काय सांगू तुम्हाले.

बिल म्हणून एक चिठ्ठी दिली, त्याच्यावर काच एक नग, एवढंच. टफन हा शब्द नाही.

मंडई चांगली गेली. दुकान चमकत होतं. मी सुमनले म्हटलं पाह्य, एका दिवसात काम करून घेतलं का नाही. ती म्हणाली, बाई, तुमच्यासमोर कोण टिकते.

पुढं दोन महिन्यात दार खाली घासाले लागलं. दाराच्या बुडाशी जमिनीत एक मशीन राहते, त्याच्यावर दार फिरते, ती मशीन त्यायनं नीट बसवलीच नव्हती. मी फोन केला, आज येतो म्हणे. परत केला, उद्या येतो म्हणे. मंग उचलाचंही बंद केलं. सुमननं एक दिवस सांगतलं का बाई, खालच्या कोपऱ्यात केसासारखी रेघ दिसून राहिली. मी गिऱ्हाइकात होती, मी म्हटलं डाग असन, कपडा मार. तिनं कपडा मारला. म्हणाली, निघत नाही. मी म्हटलं मंग राहू दे.

लग्नाचे दिवस होते. गोंदियाची एक मोठी पार्टी आली होती, म्हाताऱ्या आजीले गाडीतून उतरता येत नव्हतं, म्हणून साड्या बाहेर नेऊन दाखवाच्या होत्या. सुमननं दोन्ही हातावर साड्यायची चळत घेतली अन् दाराजवळ गेली. दार अडलं. ती खांद्यानं लोटून राहिली, दार हलत नाही. गाडीवाले हॉर्न देऊन राहिले. अन् मी काउंटरवरून ओरडली, हे माझेच शब्द आहेत, जोरानं ढकल ना, जेवली नाही का. तिनं एक हात साड्यायच्या खालून काढला अन् तळहातानं जोर लावला.

ही काच दाणे होऊन नाही पडली. मोठा तुकडा वरून निघाला, धान कापाच्या विळ्यासारखा, अन् तिच्या मनगटावर आला. साड्या तिनं खाली पडू दिल्या नाहीत. त्या छातीशी धरून ती खाली बसली, अन् मले म्हणाली, बाई, साडीले रक्त लागन, घ्या.

मले पुढचं तुटक तुटक आठवते. आमच्या घरच्यायनं तिचा हात टॉवेलात बांधला, ऑटो आणला, ते मिल सोडून आता दुकानातच बसतात. सरकारी दवाखान्यातून नागपूरले पाठवलं. आतली दोर तुटली होती, ज्याच्यानं बोटं मुडपतात ती. ऑपरेशन झालं, सारा खर्च मी केला, तिच्या नवऱ्याले एक पैसा लावू दिला नाही, तो रंगकाम करते, त्याच्याजवळ होता बी नाही. अंगठा अन् त्याच्या बाजूचं बोट, हे दोन पुरते मिटत नाहीत. बाकीचे मिटतात. सुई धरता येत नाही तिले. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करत राहा, पाहू. हे पाहू म्हणजे काय ते तिलेही समजलं अन् मलेही.

पट्टी काढून आम्ही नागपुरातून परत येऊन राहिलो होतो, गाडीत, दिवसाउजेडी. ती खिडकीले, मी बाजूले. तुमसर मागं पडलं होतं. ती बराच वेळ त्या हाताकडे पाहून राहिली होती. मंग तिनं विचारलं, भांडून नाही, जसं पाणी आहे का विचारावं तसं विचारलं, का बाई, ती साधी काच होती हे तुम्हाले माहीत होतं का?

मी म्हटलं, मले काय माहीत, मले फसवलं त्यानं.

ती म्हणाली, तेच तं, तुम्हाले माहीत असतं तं तुम्ही लावूच दिली नसती.

एवढंच. गोंदिया येईपर्यंत तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी हललीही नाही.

अन् पाहा माणूस कसं असते. मी ते खोटं बोलली अन् त्या खोट्याचाच मले जोर आला. दुसऱ्या दिवशी गेली त्या कंपनीत. दोन-चार गिऱ्हाईक बसले होते, त्यायच्यासमोर सुरू केलं. एका बाईचा हात गेला, तू टफन म्हणून साधी दिली, वरून खोटा छापा लावला, तुले कोर्टात खेचते, तुझा बोर्ड उतरवते. माझा आवाज रस्त्यापर्यंत. तो उठलाच नाही. खुर्चीत बसूनच म्हणाला, मौसी, कांच तो आपके सामने काटा था. आप चाय पी रहे थे. तब क्यों नहीं बोले?

माझं तोंड बंद झालं. चाळीस वर्ष बाजारात काढले, माझं तोंड कोणी बंद केलं नव्हतं. तो समजला. गिऱ्हाईक गेल्यावर त्यानं दार लोटलं, पाणी मांगवलं, अन् हळू आवाजात म्हणाला का मौसी, झालं ते झालं, मी नवीन काच लावून देतो, या वेळी खरी टफन, एक रुपया नको, बात इथंच संपवू. अन् मी, ऐका, हे मी आमच्या घरच्यायलेही सांगतलं नाही, मी म्हटलं, हँडल बी नवं लाव. असं निघालं तोंडातून. सुमनची बोटं तिकडं मिटत नव्हती अन् मी इथं हँडलचा भाव करून राहिली. तो म्हणाला, लगा देंगे. पटकन.

दहा दिवसांनी काच आली, नागपुरातून, माप आधी घेऊन, भोकं पाडून. छापा काचेतच. या वेळी मी नख लावून पाह्यलं, निघत नाही. म्हणजे त्याले सारं येत होतं. ते पाहून मले जेवढा राग आला तेवढा पहिल्या काचेच्या वेळीही आला नसता. त्याले येत होतं, त्यानं मले पाह्यलं, माझा भाव ऐकला, अन् ठरवलं का या बाईले कोणती काच द्यायची. अन् मी चहा पिऊन हो म्हटलं.

आता तेच दार आहे, तुम्ही आत आले तेच. चांगलं फिरते. मडावी मिस्त्रीच्या दुकानासमोरून मी जात नाही, फाटक पडो का उघडं राहो, मी दुसऱ्या रस्त्यानं जाते. मागं एकदा बाजारात समोरासमोर आलो. त्याले सारं समजलं असन, मुर्रीत काय लपते. त्यानं फक्त विचारलं, त्या बाईचा हात कसा आहे. मी म्हटलं बरा आहे. हे आणखी एक खोटं.

लोक मले विचारतात, शोभाबाई, तुम्ही तं भाव करण्यात हुशार, आमच्या घरी काच लावाची आहे, कोणाकडे जाऊ. मी त्यायले सांगते का जो नाही म्हणते त्याच्याकडे जा. जो आधी येऊन माप घेते, आठ दिवस थांबा म्हणते, बिलावर काचेचं नाव अन् जाडी लिहून देते अन् लावून झाल्यावर दार अडलं तं परत येते. फोन उचलते का नाही ते काम द्यायच्या आधी पाहा, आधी तं सारेच उचलतात, म्हणून ज्याच्याकडे त्यानं मागच्या वर्षी काम केलं त्याले विचारा. दाराची, जिन्याची, न्हाणीघराची काच तुमच्या अंगणात कापून राहिला तं त्याले तिथंच थांबवा, काच उचलून ने म्हणा. असं मी ठासून सांगते अन् लोक म्हणतात, तुम्हाले फसवलं म्हणून तुम्हाले समजलं. समजलं आधी होतं. हे त्यायले कोण सांगन.

सुमन येते रोज, दुपारी चार वाजता. मी तिले घरी बस म्हटलं होतं, पगार तसाच देते म्हटलं होतं, ती म्हणाली, फुकटचा कायले. डाव्या हातानं साड्यायच्या घड्या घालते, गिऱ्हाइकाशी बोलते, फॉलचं काम आता दुसऱ्या पोट्टीकडे दिलं आहे, तिचा टाका उलटा न करताच दिसते. सुमन तिले शिकवते, हातानं दाखवता येत नाही म्हणून तोंडानं शिकवते. अन् गिऱ्हाइकानं हात पाहून विचारलं का साऱ्यायले तेच सांगते, आमच्या बाईले काचवाल्यानं फसवलं, बाईनं माझ्यासाठी लई केलं, सख्खी बहीण करणार नाही एवढं केलं. मी तिथंच बसलेली राहते. ती माझी इज्जत सांभाळून राहिली, रोज, त्या हातानं. त्यापेक्षा तिनं मले एक दिवस शिव्या दिल्या असत्या तं मी जेवली असती नीट.

अन् तो कंपनीवाला अजून तिथंच आहे. या हप्त्यात आमच्याच रस्त्यावर एका नवीन दवाखान्याच्या समोर त्याची गाडी उभी दिसली, दोन स्टूल, त्याच्यावर काच, अन् कटर तेलात. मी रस्त्याच्या या बाजूले उभी होती. ओरडाले तोंड उघडलं. त्यानं मान वर केली, मले पाह्यलं अन् हात हलवला, जसा जुन्या ओळखीच्या माणसाले हलवतात. मी घरी आली. त्या दवाखान्यात लेकरं घेऊन बाया जातील, दार ढकलतील. मी काही बोलली नाही, कारण मी बोलली का तो बोलन, अन् तो बोलला का ते सुमनच्या कानावर जाईन. म्हणून आपलं आपणच कागदावर उतरवाले तुम्हाले बोलावलं. तीन दिवस झाले त्याले, तीन दिवस मले घास गोड लागला नाही.

हे लिहून झालं का सुमन आली राहीन. तिले वाचून दाखवा, सारं, कटरवालंही अन् हँडलवालंही. मी इथंच बसते, उठून जात नाही. ती काम सोडन तं सोडन, माझ्या तोंडावर थुंकन तं थुंकन, तिच्या नवऱ्यानं पोलिसात नाव द्यायचं म्हटलं तं माझं नाव पहिले देऊ द्या, मी काय पाह्यलं ते मी तिथं सांगते. तिनं गाडीत विचारलं होतं, मी आता उत्तर देऊन राहिली. मले माहीत होतं, सुमन. देव तुझी बोटं परत देवो, मले तं देता येत नाही.

मंग हाच कागद घेऊन त्या दवाखान्यात जा अन् डॉक्टराले दाखवा, अन् तिथून त्या कंपनीत जा. त्याले म्हणा, शोभाबाईनं तिचं सांगून टाकलं, आता तिचं तोंड बंद कराले तुझ्याजवळ काही राहिलं नाही. मी डोळ्यानं पाहून गप्प राहिली, पण काच साधी आहे हे जाणून टफनचा छापा तू लावला. तो छापा काऊन लावला? ये अन् सुमनसमोर बसून सांग.